फळीवरचा पियानो

अमरावती,
१९ नोव्हेंबर १९३४

शकुन,

पत्र चुलीत घालायचं तर घाल, पण वाचून घाल. अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, ती मला इथून दिसते.

आधी हे सांगते की दुर्गा बरी आहे. ताप नाही, खोकला नाही. दिवाळीहून परतली तेव्हा डोक्यात उवा होत्या, त्या मी उन्हात बसून काढल्या. (अकोल्याच्या उवा, आमच्या नव्हेत.) जेवते नीट. 'आबाजी, आबाजी' करत बाबांच्या मागे मागे बागेत फिरते. तेव्हा घाबरू नकोस, लिहायचं कारण वेगळं आहे.

मी तुझी अट मोडली.

जूनमध्ये तुझे भगवंतराव तिला शाळेसाठी इथे सोडायला आले, तेव्हा ओट्यावर उभं राहून त्यांनी तुझा निरोप सांगितला. बिचारे असे खाली मान घालून बोलले की जसं काही त्यांनीच चोरी केली. "पोरगी आबाजीपाशी राहीन. पण सत्यभामाबाईनं तिले पियानोले हात लावू द्याचा नाई, असं तिनं सांगतलं हाये." मी म्हटलं, बरं. आणि पाच महिने पाळली मी ती अट. माझा पियानोचा तास असला की पोरीला शिवणाच्या वर्गात बसवत होते. खोटं वाटत असेल तर शाळेच्या गोदाबाईला विचार, झाडलोट करताना तिला सगळं दिसतं.

परवा शनिवारी गोदाबाई हॉलमधला पियानो पुसायला गेली आणि दुर्गा फडकं घेऊन तिच्यामागे गेली. मी वऱ्हांड्यात वह्या तपासत होते. तर आतून गाडीचं गाणं ऐकू आलं.

हो, तेच. आपण पोरी असताना ज्याला ते नाव ठेवलं होतं, बैलगाडीसारखं संथ चालतं म्हणून. आपल्याला पियानो शिकवणाऱ्या मिससाहेब विलायतेला गेल्यापासून त्या हॉलमध्ये ते कुणी वाजवलेलं नाही. मी तर नाहीच नाही. वही टाकून आत धावले, तर पोर उभ्यानंच वाजवत होती, स्टुलावर बसायचं तिला सुचलंच नव्हतं. पहिलं पान झालं, थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, हे असं वाजते?" बोटं तिला पाठ होती आणि आवाज पहिल्यांदाच भेटत होता.

कुणी शिकवलं विचारलं तर फडकं घेऊन पियानो पुसू लागली. तुझीच पोर.

आता कामाचं. फेब्रुवारीत विलायतेचा परीक्षक नागपूरला येतो आहे. शाळेत नव्या मोठ्या बाई आल्यात, त्यांचा नियम असा की जी मुलगी परीक्षेला बसेल तिलाच पुढे पियानो मिळेल, बाकीच्यांनी पेटी वाजवावी. पियानो एकच, मुली अठरा, त्यांचंही काही चुकत नाही. अर्ज १८ डिसेंबरला इथून निघायला हवेत. अर्जावर आई किंवा बाप, दोघांपैकी एकाची सही लागते. आजोबाची चालत नाही, मावशीची तर विचारायलाच नको. भगवंतरावांना परस्पर पाठवला असता तर त्यांनी केली असती सही, माणूस सरळ आहे. पण ते मला करायचं नाही.

मी तिला परीक्षेच्या तिसऱ्या पायरीला बसवावं म्हणते. सही करून पाठव.

आणि जुनं काढू नकोस. तेव्हा तुझ्या परीक्षेचं गाणं निवडताना चूक झाली ती झाली. पान जितकं काळं तितकं कठीण, आणि पांढरं पान सोपं, असंच वाटायचं मला. गाडीच्या गाण्याचं पान बघ ना, सगळी मिळून मूठभर टिंबं. आता परीक्षेच्या नव्या यादीत त्यांनी ते चौथीतून काढून पाचव्या पायरीत टाकलंय. लंडनवाल्यांनाच इतकी वर्षं कळलं नाही, तर मला कसं कळणार होतं?

अर्ज सोबत आहे. घडी घालू नकोस फार.

सत्यभामा

अमरावती,
२५ नोव्हेंबर १९३४

शकुन,

सहा दिवस झाले. अकोल्याचं टपाल एका दिवसात येतं.

पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात जाते, तो हात हलवतो, मी परत येते. शाळेत पोरींना पट्ट्या चुकल्या म्हणून रागावते आणि चुकलेल्या नसतातच. परवा मोठ्या बाई म्हणाल्या, "सत्यभामाबाई, आपली प्रकृती बरी नाही का?" पुण्याच्या आहेत त्या, जोड्याखाली किडा आला तरी "आपण" म्हणतील. त्यांच्या सोबतीनं माझी लिहायची भाषा अशी धुतलेली झाली आहे. चिडले की मात्र आपलीच येते, हे तुला ठाऊकच आहे.

दुर्गा बोलली. मी दटावलं नाही, फक्त विचारलं की तुमच्या घरी पियानो आहे का गं. त्यावर हसली. "पियानो कायचा, मावशी. फयी हाये."

शकुन, तू ती फळी नेली होतीस?

मला वाटलं होतं, माय गेली त्या वर्षी ती चुलीत गेली. संत्र्याच्या पेटीची, एका कोपऱ्याला खिळ्याची दोन भोकं असलेली. मिससाहेबांच्या पियानोवर बसून तू सुतळीनं पट्ट्यांचं माप घेतलं होतंस, काळ्या पट्ट्या कोळशानं काढल्या होत्या आणि पांढऱ्या चुन्यानं. रविवारी बाबा फुलं द्यायला कॅम्पातल्या बंगल्यावर जायचे तेव्हाच आपल्याला खरा पियानो मिळायचा, आणि उरलेले सहा दिवस ही फळी. मधे ठेवून दोघी दोन्हीकडून बसायचो. तू उलट्या बाजूनंही वाजवायचीस आणि वर माझी बोटं चुकलेली दाखवायचीस. चार-पाच वर्षांनी लहान असून! माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

दुर्गा म्हणते तू दर पोळ्याला कोळसा नव्यानं फिरवतेस. म्हणते, दुपारी दुकानातून बाप यायच्या आत तुम्ही वाजवता. म्हणते, फळीवर जड काय आणि हलकं काय ते कळत नाही म्हणून तू तिच्या पाठीवर वाजवतेस आणि सांगतेस, "करंगई जड, बाकीची हलकी."

हे ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच डाळ निवडत बसले. निवडलेलीच होती.

मग अट कशाला घातलीस? पोरीला शिकवायचं, आणि जिथे पियानो आहे तिथेच तिला तोडायचं, हे कुठलं शहाणपण? माझा राग मान्य आहे. पण तो पोरीच्या बोटांवर का काढतेस?

मी तिला आता रोज अर्धा तास बसवते. हेही लपवत नाही.

लिही. शिव्या दे, पण लिही.

सत्यभामा

अमरावती,
३० नोव्हेंबर १९३४

शकुन,

तुझं कार्ड आलं. सगळ्या मिळून चार ओळी, आणि तेही उघडं कार्ड! पोस्टमननं वाचूनच दिलं, त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"गाडीचं गाणं पाचवीचं हाये. पोरगी ते वाजवते. मंग तिसरी काहून? मले खाली बसवलं, आता तिले बसवतं काय? पाचवी लिहून धाड, तवा सही. अन् अट काहून घातली म्हणतं, तर तू तिचा नंबर लावशीन म्हणून."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, हे मला कळतं. पण आयक.

पायरी एका गाण्यानं ठरत नाही, बाई. पहिल्या पायरीला पाच बोटं पाच पट्ट्यांवर बसवली की हात जागचा हलत नाही. मग अंगठा बोटांखालून सरकवायला शिकायचं, तिथे निम्म्या पोरी रडतात. तिसरीला दोन हात दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात, आणि एकानं दुसऱ्याचं ऐकून बिघडायचं नसतं. पेडलवरचा पाय येतो चौथीला. आणि गाडीच्या गाण्यात तर एकाच हातात दोघी राहतात, करंगळीनं गायचं आणि त्याच हाताच्या बाकीच्या बोटांनी खाली हळू बोलायचं. त्यातून संथ. धावत्या गाण्यात चूक पळून जाते, संथ गाण्यात ती पाहुण्यासारखी बसून राहते. म्हणून ते पाचवीत. ते दुर्गा वाजवते, आणि माझ्याहून चांगलं वाजवते, घे.

पण काल तिच्यापुढे न पाहिलेल्या चार ओळी ठेवल्या. दुसरीच्या. पोर बोट धरून एकेक टिंब मोजत बसली. चढ-उताराच्या पट्ट्या वाजवायला सांगितल्या तर अंगठा दर वेळी उशिरा. मी पाठीमागून एक स्वर वाजवला, विचारलं वरचा की खालचा, तर तिला सांगता येईना. कसं येणार? फळीला आवाज नसतो. परीक्षक हे सगळं विचारतो, शकुन. पाचवीला बसवली तर एक गाणं ऐकून तो खूश होईल आणि बाकी सगळ्यात तिला पाडेल. मग ही पोर आयुष्यभर समजेल की आपल्याला येत नाही. तिसरी नीट पास झाली तर दोन वर्षांत पाचवीला पोचेल, अन् तवा खरी पोचेल. यात माझा डाव काय असणार सांग? ती पास होऊन माझं काय जाते?

तुला पाचवीचं दिलं तेव्हा काय झालं, ते विसरलीस काय?

इथवर लिहिलं आणि हात थांबला. खाई त्याला खवखवे. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं.

मिससाहेब तापानं पडल्या होत्या. त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं, यादीचं पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, तुम्हा दोघींना चौथीला बसवलंय, दोघींची गाणी तू निवड. आणि गाडीच्या गाण्यावर बोट ठेवून म्हणाल्या की हे यांनी चौथीत छापलंय खरं, पण हे पाचवीचंही पुढचं आहे, हे कुणीच घेऊ नका. मी मान डोलावली. घरी येऊन तुझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "पाह्य, तुले सोपं देल्लं."

मिससाहेब विलायतेला परत चालल्या होत्या. शाळेत त्यांच्या जागी आपल्यातली एकच राहणार होती, चांगली वाजवणारी. ती तूच होतीस. सगळ्यांना ते माहीत होतं, फक्त बाबांना सोडून. तुझं लग्न व्हायचं होतं, तुला घर होतं, पोरंबाळं व्हायची होती. माझं लग्न नवव्या वर्षी झालं आणि बाराव्या वर्षी कपाळ पांढरं. माझ्याजवळ त्या पियानोशिवाय काय होतं, सांग? मी एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की ही जागा गेली तर मी जन्मभर लोकांच्या पोराबाळांना न्हाऊ घालत बसेन.

लिहिलं. आता तरी सही कर.

सत्यभामा

अमरावती,
५ डिसेंबर १९३४

शकुन,

या वेळी पाकीट पाठवलंस, बरं केलंस.

तुझं पत्र मी शाळेच्या हॉलमध्ये वाचलं, मग विहिरीपाशी, मग पुन्हा हॉलमध्ये. तू लिहितेस: "ते कठीण हाये हे मले पयल्याच दिवशी समजलं होतं. डोये फुटले नव्हते माये. मले वाटलं, बाईनं मुद्दाम देल्लं. बाईले माया हातावर भरोसा हाये. म्हणून मी ते घेतलं."

लहानपणी तू मला बाई म्हणायचीस, तो शब्द तेरा वर्षांनी पुन्हा वाचला. शकुन, हे तू मला तेव्हाच का सांगितलं नाहीस? मी तुला बुडवायला दिलं आणि तू ते मान म्हणून घेतलंस. तेरा वर्षं मी समजत होते की तुला फसवलं. त्यापरीस हे वाईट.

आणि पुढचं: "नापास झाली त्याचं दुख्ख नाई. तू बडनेऱ्याच्या टेसनावर बाबाले काय म्हनलं ते ध्यानात हाये काय? बाबाले सांग, पोरीच्या समोर सांग. मंग सही."

ध्यानात आहे. नागपूरच्या गाडीतून उतरलो होतो. बाबा घ्यायला आले होते, हातात आपल्यासाठी पेरू होते. निकाल तुझ्या तोंडावरच होता. बाबांनी मला विचारलं, "काहून वं, कठीण होतं काय तिचं?" आणि मी म्हटलं, "नाई बाबा. सोपंच होतं."

तेवढंच. दोन शब्द. त्यावर बाबा म्हणाले, जाऊ द्या, नाई तिच्या हातात, आणि दोन महिन्यांत तुझं लग्न ठरलं.

आता माझं ऐक. बाबा सत्तरीला आलेत. श्वास लागतो त्यांना, जिना चढत नाहीत. सध्या संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी चालू आहे, दिवसभर अंगणात बसून फळाला नंबर लावतात, तेवढाच त्यांचा जीव रमतो. मीच त्यांना जेवू घालते, मीच त्यांचं धोतर धुते. गावात ते मला "माझी मास्तरीण" म्हणून सांगतात. त्यांच्या मनातून एक पोरगी तेरा वर्षांपूर्वी उतरली, आता दुसरी उतरवून काय मिळणार आहे? तुला पाहिजे तर मी तुझ्या पायावर डोकं ठेवते, भगवंतरावांसमोर ठेवते. मोठ्या बाईंना सांगून नोकरी सोडते. पण हे सोडून काहीही सांग.

तेरा दिवस राहिलेत. दुर्गा रोज विचारते, "मायची सही आली?" मी म्हणते, टपाल लेट आहे. आता तीही माझ्याकडे तुझ्यासारखी पाहते.

आज तिनं चढ-उतार पहिल्यांदा न अडखळता वाजवले. अंगठा वेळेवर गेला. ती स्वतःशीच हसली आणि मी मान फिरवली.

दुसरं काही सांग, शकुन.

सत्यभामा

अमरावती,
११ डिसेंबर १९३४

शकुन,

तू उत्तर दिलं नाहीस, तेच उत्तर समजले.

परवा रविवारी सांगितलं. तू म्हणशील कशी गोड करून सांगितलं असेल, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

बाबा अंगणात पोत्यावर बसले होते. समोर संत्र्यांचा ढीग, आणि बाजूला तीन लहान ढीग, एक नंबर, दोन नंबर, आणि राहिलेली चुरी. तुला आठवत असेल, ते फळाकडे पाहत नाहीत. तळहातावर घेतात, जरा उडवल्यासारखं करतात, आणि ढिगात टाकतात. दुर्गा पेट्यांत गवत अंथरत होती. एक भलंमोठं फळ तिनं उचललं आणि म्हणाली, "आबाजी, हे दोन नंबरात काहून? केवढं मोठं हाये!" बाबा म्हणाले, "साल फुगली हाये त्याची, आत पोकय. डोयानं नंबर नसते लागत बापा, हातानं लागते."

मी तिथेच उभी होते. मला वाटलं आता नाही तर कधीच नाही. चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "बाबा, शकुनच्या परीक्षेचं गाणं सोपं नव्हतं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "कोणती परीक्षा?"

"तेरा वर्षाखालची. टेसनावर मी तुमाले सोपं म्हनलं होतं. ते खोटं होतं. सगळ्यात कठीण होतं ते, मिससाहेबानं मले सांगतलं होतं का देऊ नको म्हणून. मी मुद्दाम तिले देल्लं. मले ते जागा पाह्यजे होती."

शाळेची धुतलेली भाषा कुठल्या कुठे गेली. दुर्गाच्या हातातलं गवत तसंच राहिलं.

बाबांच्या हातात एक फळ होतं. ते त्यांनी धरूनच ठेवलं. मग विचारलं, "तू आयकलं होतं तिचं वाजवणं?"

"हो."

"चांगलं होतं?"

"मायापरीस चांगलं होतं बाबा. पयल्यापासूनच."

"मी नाई आयकलं," बाबा म्हणाले. "फुलं द्याले बंगल्यावर जात होतो, तुमी आत वाजवत होत्या, मी बाहीर मिससाहेबाच्या खानसाम्यासंगं भाव करत होतो. एक डाव नाई आयकलं." मग ते फळ त्यांनी ढिगात टाकलं नाही, मांडीवर ठेवलं. "चाळीस वर्षं झाले नंबर लावून राहिलो. हातात घेतल्याबिगर एका फयाले नंबर नाई लावला कधी. अन् पोरीले लावला तुया तोंडाच्या बोलावर."

मला वाटलं ओरडतील. पेला फेकतील. नाही. उठले, हौदावर जाऊन हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, आणि दुर्गाला म्हणाले, "तुया मायचा तो कागद कुठी हाये? आण."

दुसरा अर्ज मी शाळेतून आणून ठेवला होता. तोच घेऊन ते गुरुवारी सकाळच्या गाडीनं अकोल्याला निघतायत. श्वास लागतो म्हणून मी अडवलं, तर माझ्याकडे पाहिलंही नाही. दुर्गाला म्हणाले, "तिले सांग, मले बडनेऱ्याचं टेसन चांगलं ठाव हाये." परवापासून माझ्याशी जे काही बोलायचं ते पोरीतर्फे.

अर्जात पायरीचा रकाना मी कोरा ठेवला आहे. माझं मत तिसरीच. तू बाबांना परत पाठवलंस, रडवलंस, काहीही केलंस तरी ते बदलायचं नाही, कारण ते खरं आहे. तू माझ्यावर भरोसा ठेव, असं मात्र मी म्हणणार नाही. एकदा ठेवला होतास, त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून रकाना तू भर. पाचवी लिहिलीस तर मी पाचवीची तयारी करून घेईन, दिवसरात्र, आणि एक शब्द बोलणार नाही.

बाबांना गाडीतून उतरवायला भगवंतरावांना पाठव. त्यांना दुपारी ताक लागतं.

सत्यभामा

अमरावती,
१६ डिसेंबर १९३४

शकुन,

बाबा काल पोचले. अर्ज त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला, त्यामुळे घड्या पडायच्या तेवढ्या पडल्याच. मी ओट्यावरच उघडला. सही खाली, तुझ्या नेहमीच्या वाकड्या अक्षरात. रकान्यात "तिसरी."

मी तो शब्द किती वेळा वाचला ते सांगत नाही. शाईचा एक थेंब पडलाय बाजूला, लिहिण्याआधी थांबली असशील. थांबलीस आणि लिहिलंस.

उद्या सकाळी अर्ज शाळेत देते, परवा तो निघेल. दुर्गानं गल्लीभर सांगितलं आहे. गोदाबाईला, दूधवाल्याला आणि पोस्टमनलाही, ज्याला आपल्या घरचं सगळं आधीच ठाऊक असतं.

तुझ्याकडे काय झालं ते बाबांनी मला सांगितलं नाही. दुर्गानं जेवताना विचारलं आणि त्यांनी तिला सांगितलं, मी चुलीपाशी पाठमोरी भाकरी करत होते. म्हणाले, "तुया मायनं फयी काढली. म्हनलं, बाबा, वाजवू? म्या म्हनलं, फयी राहू दे, मले फयीतलं काय समजते." मग त्यांनी दोन्ही तळहात तुझ्यापुढे केले. आणि तू त्यांवर वाजवलंस, सबंध गाणं, दोन्ही पानं.

दुर्गानं विचारलं, "मंग? समजलं तुमाले?"

बाबा म्हणाले, "करंगई जड होती." आणि मग ताट तसंच ठेवून उठले.

माझी भाकरी तव्यावर करपली.

दुर्गाच्या सरावाचं वेळापत्रक ठरवलं आहे, सकाळी चढ-उतार, दुपारी न पाहिलेल्या ओळी, आणि तू लिहिलं नसलंस तरी शेवटची दहा मिनिटं रोज गाडीचं गाणं, परीक्षेत नसलं तरी. नागपूरला तिच्यासोबत आई लागेल. फेब्रुवारीची तारीख कळली की कळवते. तुझी गाडी बडनेऱ्याला थांबेल तेव्हा मी दुर्गाला घेऊन फलाटावर असेन, तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पेरू आणते.

बाबा आज पुन्हा अंगणात बसलेत. चहा मी नेऊन ठेवते, ते घेतात. एकदा वाटलं, पुढे बसावं आणि म्हणावं, बाबा, माझंही हातावर घेऊन बघा. पण त्यांचे हात फळांत होते. मी पेला उचलला आणि आत आले.

तुझी बाई